सुरुंगावरची माती

माझा नवरा वना भडगावकडच्या विहिरींत सुरुंग लावतो. कातळात भोक पाडायचं, स्फोटकं भरायची, वर ओली चिकणमाती ठासायची. ठासायचा दांडा मात्र लाकडाचाच. लोखंडाची ठिणगी उडाली की खेळ खलास, हे त्यांच्यात सगळ्यांना ठाऊक.

त्या दिवशी दांडा मोडला. वना दुसरा आणायला वर आला. तेवढ्यात त्या मेल्या ठेकेदारानं खाली पहार सोडली आणि वनाच्या जोडीदाराला म्हणाला, "निंबा, ठास हिच्यानंच, खोळंबा नको." निंबा भिडस्त, नाही म्हणवलं नाही. वना दांडा घेऊन धावेपर्यंत स्फोट झाला, निंबा जागीच गेला.

ठेकेदारानं गावभर उठवलं की वना पिऊन होता, घोळ त्यानंच घातला. वर वनाला दम दिला, "तोंड उघडलंस तर खानदेशात एकाही विहिरीवर उभा राहणार नाहीस." आणि हा राहिला गप. निंबाची बायको झुंबरबाई आम्हाला पाहून तोंड फिरवायची. मला ठेकेदाराचा संताप यायचा, पण माझ्या नवऱ्याचाही काही कमी येत नव्हता.

परवा आमची हर्षाली इंग्रजी पाठ करत होती. 'टॅम्प डाउन' म्हणजे दडपणं. राग दडपा, बोभाटा दडपा, सगळ्याला चालतं. मुळात म्हणे फ्रेंचांकडे बुचाला असला एक शब्द होता. त्यावरून सुरुंगाच्या भोकात माती ठासण्याला 'टॅम्प' म्हणू लागले, आणि पुढं दडपण्यालाही.

"बाबा, हे तर तुमचंच काम," ती हसून म्हणाली.

वनानं हातातला घास ताटात ठेवला. "तुन्या मास्तरले सांग," तो म्हणाला, "माती ठासीसन सुरुंग इझत नही. खडक फुटाले पाहिजे म्हनीसन ठासतस."

माती ठासली म्हणून सुरुंग विझत नाही, खडक फुटावा म्हणून ठासतात, एवढं बोलून उठला तो थेट झुंबरबाईच्या दारात. मी मागोमाग. त्यानं पहारीचं सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, मान वर केली नाही.

"तू प्यायला नव्हतास, हे मला त्याच दिवशी कळलं होतं," ती म्हणाली. "निंबा सांगायचा, वना थेंबाला शिवत नाही. मी वाट बघत होते, तू कधी बोलतोस याची."

वना रडला. म्हणाला, "चल अक्का, पोलीस ठाण्यात सांगतो."

तिनं ताट बाजूला ठेवलं. "तू हो पुढं. मी येते मागून. तुझ्याबरोबर चालायची मला लाज वाटते."