एकशे आठ इंचांची जोडी

मस्टँग भारी की कॅमॅरो, यावरून माझं आणि माझ्या साडूंचं वर्षभर बोलणं बंद होतं. दोन्ही गाड्या अमेरिकेच्या, दोन्ही एकोणसत्तरच्या मॉडेलच्या, आणि दोन्ही आम्ही मोबाईलच्या पडद्याबाहेर कधी पाहिलेल्या नाहीत. माझं बोदवडला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. साडू धुळ्याला देवपुरात राहतात, शाळेत भूगोल शिकवतात. म्हणजे इंजिनातलं मला कळतं आणि अमेरिका कुठे आहे ते त्यांना कळतं, एवढाच काय तो आमचा अधिकार.

वाद जुनाच, पण भांडण पेटलं गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाडीत, सोनगीरजवळच्या खेड्यात. जेवताना मी म्हटलं, मस्टँगचा नुसता आवाज ऐकला तरी माणूस रस्ता सोडतो. साडू म्हणाले, तसा आवाज तुमच्या दुकानासमोरच्या ट्रॅक्टरचाही असतो. मी त्यांच्या कॅमॅरोला शाळेचं कपाट म्हणालो. ते अर्ध्या पुरणपोळीवरून उठले आणि बायकोला घेऊन भर उन्हात धुळ्याला निघून गेले. दोघी बहिणी वर्षातून एकदा, आखाजीलाच, माहेरी एकत्र येतात. त्या तासाभरात वेगळ्या झाल्या. निंबाला त्यांच्यासाठी झोका बांधला होता, त्यावर बसल्यासुद्धा नाहीत. मला तेव्हाच लाज वाटायला हवी होती. पण तेव्हा मी साडूंच्या वाट्याची पोळी खात होतो.

यंदा आखाजी जवळ आली तसं मी बायकोला सांगून टाकलं, ते आधी चूक कबूल करतील तरच मी येईन. साडूंचाही शब्दाला शब्द तोच निरोप आला. बायकोने भरलेली बॅग रिकामी केली, कपडे परत कपाटात ठेवले, आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या चहातली साखर कमी झाली.

मग सासऱ्यांचा फोन आला. त्यांना सगळं गाव आबा म्हणतं. आयुष्यभर त्यांनी बैल पारखले. आसपासची माणसं बाजारात बैल घ्यायला निघाली की आधी त्यांना सोबत घेत. आता घरोघरी ट्रॅक्टर आले आणि आबांच्या नजरेला काम उरलं नाही. ते म्हणाले, आखाजीला दोघं जण बायकांना घेऊन या, गाड्यांचा निकाल मी लावतो. निकाल आपल्याच बाजूने लागणार याबद्दल मला शंका नव्हती. साडूंनाही नव्हती, म्हणून तेही आले.

आबा अंगणात बाजेवर बसले होते. मी मोबाईल पुढे केला. त्यांनी मस्टँगचं तोंड मोठं करून दाखवायला सांगितलं आणि पुढची जाळी बराच वेळ न्याहाळली. ते दात बघत होते. मग टायर पाहिले आणि खूर धड आहेत म्हणाले. इंजिनाची ताकद सांगायला गेलो तर त्यांनी हातानेच थांबवलं. जनावराची ताकद विकणारा सांगत असतो, ती ऐकायची नसते. कॅमॅरोचीही तशीच तपासणी झाली. आपण किती निःपक्षपाती आहोत हे दाखवायला साडूंनी तिसरी गाडीही काढली, चार्जर. तिचे पुढचे दिवे जाळीमागे झाकलेले असतात. आबांनी बघताक्षणी फोन परत दिला. डोळे मिटून उभा राहणारा बैल त्यांनी जन्मात घेतला नव्हता.

वय विचारलं, ते सारखं निघालं. मग त्यांनी पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतचं अंतर विचारलं.

"एकशे आठ इंच," मी आणि साडू एकदमच म्हणालो, आणि एकमेकांकडे बघत राहिलो. वर्षानुवर्षं वाद घालून हे आमच्या कानावर पडलं नव्हतं, कारण समोरचा बोलत असताना ऐकायची आमच्यात पद्धत नव्हती. सासूबाईंनी आकडा ऐकून हात जोडले. त्यांच्या जपमाळेचे मणीही तेवढेच.

आबा म्हणाले, "हाई तं जोडी शे. एक वय, एक लांबी. जोडीमा मोठा कोन, आसं इचारतस का?"

मी समजावून पाहिलं की या गाड्या एकमेकींना हरवायलाच बनवल्या होत्या. साडूंनी मला दुजोरा दिला, वर्षभरात पहिल्यांदाच. आबा ऐकेनात. त्यांच्या मते डावीकडे कोणती जुंपायची एवढाच प्रश्न उरला होता. झालं, आम्ही तोही वादाला घेतला. मस्टँग उजवीकडेच शोभते हे मी चढ्या आवाजात सांगू लागलो, साडू बाजेवरून उठून उभे राहिले, आणि गेल्या वर्षीसारखाच त्यांचा हात गाडीच्या किल्लीकडे गेला.

निंबाखाली झोका करकरत होता, तो थांबला. दोघी बहिणी त्यावर एकमेकींना खेटून बसल्या होत्या.

"आम्हा दोघींना चार्जर आवडते," माझी बायको तिथूनच म्हणाली. "पहिल्यापासून. वर्षभर आम्हाला लांब ठेवलंत, पण एकदाही विचारलं नाहीत."

मेहुणीने जमिनीला पाय लावून झोका पुन्हा सुरू केला. साडूंनी किल्ली खिशात टाकली. आम्ही दोघांनी एकाच वेळी माना खाली घातल्या.

आबा बाजेवर आडवे झाले. "आते जुपाई गयी जोडी," ते सासूबाईंना म्हणाले, आणि ताटं वाढायला सांगितली.