चार बोटे केस

माझी आत्या गेल्या मार्गशीर्षात गेली. ती असेपर्यंत हे लिहायचे नाही असे मी ठरवले होते. माझ्या लिहिण्याने एकदा तिचे जे झाले, त्यानंतर एवढी तरी अक्कल मला आली होती.

सोलापुरात आमचे घर ब्राह्मणांच्या आळीत. वडील कोर्टात कारकून आणि आळीच्या वाचनालयाचे चिटणीस. वाचनालयात येणारी प्रत्येक सुधारणेची पुस्तिका आधी आमच्या घरी यायची. दारूबंदी, स्वदेशी, देवीची लस, स्त्रीशिक्षण. मी अक्षरे शिकले ती त्या पुस्तिकांवर. बरोबरीच्या मुली मंगळागौरीची गाणी पाठ करत तेव्हा मला बालविवाहाचे तोटे ओळीने पाठ होते, आणि आलेल्या पाहुण्यांपुढे वडील ते मला म्हणून दाखवायला लावत. पाहुणे कौतुक करत. वडील मिशीत हसत. सुधारणा म्हणजे हेच, असे मला पंधरा वर्षांची होईपर्यंत वाटत होते.

आत्या ही त्यांची धाकटी बहीण. मंगळवेढ्याला दिलेली. चौदाव्या वर्षी नवरा तापाने गेला. दहाव्या दिवशी तिचे केस काढले आणि तेरावा झाल्यावर बैलगाडीत घालून तिला माहेरी आणून सोडले. मी तिला पाहिले ते विधवेच्या लाल आलवणातच, पदर कपाळावर भुवयांपर्यंत ओढलेला. आमचा सगळा सोवळ्याचा स्वयंपाक ती करायची. केस राखलेल्या विधवेच्या हातचे पाणी देवाला चालत नाही, पितरांना चालत नाही. तिचे डोके भादरले की मात्र तिच्याइतके सोवळे घरात कोणी नाही. ह्या शास्त्राचा उलगडा मला कोणत्याच पुस्तिकेत मिळाला नाही. तो मला आमच्या चुलीपाशी मिळाला. पहाटे चारला उठून वीस माणसांचा स्वयंपाक करणारी, सणाला लुगडे न मागणारी, कुठेही निघून न जाणारी बाई घराला हवी असते, आणि ती अशीच मिळते.

दर पंधरा दिवसांनी म्हातारा न्हावी परसदाराने यायचा. त्या वेळी तिकडे कोणी बघायचे नाही असा दंडक होता. बघणे अशुभ. गिरणीचा पहाटेचा भोंगा झाला की आई स्वयंपाकघराचे मागचे दार लावून घ्यायची, वडील फुले आणायला पुढच्या दाराने जायचे, आणि आम्हा मुलांना माजघरात बसवायचे. सहाणेवर वस्तरा घासल्याचा आवाज यायचा. मग पाणी ओतल्याचा. मग ओलेत्याने आत्या आत यायची आणि चूल पेटवायची. त्याबद्दल घरात कोणी एक शब्द बोलत नसे.

मी पंधरा वर्षांची झाले त्या वर्षी चैत्रात वडिलांनी केशवपनावरची एक पुस्तिका आणली. आत्या तांदूळ निवडत होती आणि मी उंबऱ्याशी बसून तिला ती मोठ्याने वाचून दाखवली. ह्या चालीला वेदांत आधार नाही, ती मागाहून आली, वगैरे. आत्या ऐकत होती की नाही हे कळत नव्हते. संपल्यावर तिने विचारले,

"म्हणजे नाही केलं तरी चालतं?"

"चालतं. इथं छापलंय."

"अण्णांनी वाचलंय हे?"

"त्यांनीच तर आणलं."

ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली. महिनाभराने एका दुपारी तिने मला न्हाणीघरात बोलावले, दार लावले आणि माझा हात धरून पदराखाली आपल्या डोक्यावर ठेवला. मऊ, दाट लव हाताला लागली. लहान वासराच्या कपाळावर असते तशी.

मी विचारले, न्हावी तर येऊन गेला ना? तेव्हा तिने सगळे सांगितले. तिने न्हाव्याला नुसते म्हटले होते, आज नको. म्हाताऱ्याने वस्तरा सहाणेवर घासला, तांब्याने जमिनीवर पाणी ओतले, आणि नेहमीइतका वेळ बसून राहिला. जाताना म्हणाला, "आक्का, आमच्यात पोरगी रांडावली तर तिचा पाट लावून दुसरं घर देतो आमी. तुमच्यात डोकं भादरत्यात. मी घासत बसतो की. कोण बगायला येतंय?"

खरेच, कोण बघायला येणार होते? ज्या दंडकाने पंधरा वर्षे तिची विटंबना झाकली, त्याच दंडकाने आता तिचे केस झाकले. आई दार लावून घेत होती, वडील फुले आणत होते, आणि आलवणाच्या पदराखाली केस वाढत होते. न्हाव्याला त्याची ज्वारी मिळत होती. कोणाचे काही अडत नव्हते.

आत्याचे हसणे मी त्या चार महिन्यांत प्रथम ऐकले. ती मला न्हाणीघरात बोलवायची आणि विचारायची, "किती झाले गं?" मी बोटे आडवी लावून मोजायची. एक बोट. दीड. श्रावणात तीन झाले. देवघरातल्या समईचे तेल ती बोटाने घेऊन लावायची आणि वर म्हणायची, देवाच्या दिव्याचं आहे, देव रागावणार नाही. तिला फार काही नको होते. पुनर्विवाह नको, पुण्याची शाळा नको, माझ्या पुस्तिकांतले काहीच नको. "तीन पेडांची वेणी एकदा घालून बघायचीय," ती म्हणाली. "बोटभर झाली तरी बास. मग हवं तर काढून टाकीन." आईने घातलेली शेवटची वेणी तिला आठवत होती, पण ती शेवटची आहे हे तेव्हा माहीत नव्हते, म्हणून नीट लक्ष दिले नव्हते, असे ती म्हणाली. कोणाला बोलू नकोस, हेही म्हणाली.

मी बोलले नाही. मी लिहिले.

शाळेत मुलींचा हस्तलिखित अंक निघायचा आणि गणपतीत तो वाचनालयाच्या टेबलावर ठेवायचे. मी त्यात 'आमच्या घरातील सुधारणा' असा निबंध लिहिला. सत्य झाकून ठेवणे हा भित्र्यांचा धर्म आहे, असे पहिलेच वाक्य होते. न्हाव्याचे मी चातुर्याने गाळले. बाकी सर्व लिहिले. माझी आत्या, चार महिने, आणि त्याला मूक संमती देणारे माझे थोर मनाचे वडील. वडिलांना काही माहीत नव्हते. पण कळले की त्यांना अभिमान वाटेल, आणि चारचौघांत कळले तर अधिकच वाटेल, असा माझा हिशेब होता. वाचनालयाच्या सभेत टेबलावर मूठ ठेवून बोलणारा माणूस मी रोज पाहत होते. त्यांच्यातला दुसरा माणूस मी पाहिला नव्हता.

अंक वडिलांनी उघडला नाही. आमच्या भटजींची पुतणी माझ्याच वर्गात होती. तिने घरी सांगितले.

पितृपक्षात आजोबांची तिथी आली. आत्या पहाटेपासून चुलीपाशी होती. दोन ब्राह्मण जेवायला बसले, पाने वाढून झाली, आणि त्यांतल्या आमच्या भटजींनी हातात घेतलेले पाणी पुन्हा तांब्यात सोडले.

"स्वैपाक कुणाचा?"

"बहिणीचा. नेहमीप्रमाणेच," वडील म्हणाले.

"मुलीला बोलवा."

मी आले. भटजी माझ्याकडे न बघता बोलले. "शाळेच्या वहीत लिहिलंयस ते खरं, का मनचं?"

मनचे आहे म्हणाले असते तर सुटले असते. भटजींनाही बहुधा तेच हवे होते. पान वाढलेले होते, पोटात भूक होती. मी वडिलांकडे पाहिले. ते आता बोलतील, आज त्यांचा दिवस आहे, असे मला वाटत होते.

"खरं आहे," मी म्हणाले.

वडील उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. आत्या वड्यांचे पीठ थापत होती.

"पदर काढ."

"अण्णा, हात भरलेत."

ते तसेच उभे राहिले. शेवटी तिने मनगटाने पदर मागे सारला. चार बोटे केस होते. तेल लावलेले. आणि त्या दिवशी सकाळी तिने मधोमध भांग पाडला होता.

भटजी पाटावरून म्हणाले, "वेणीची तयारी दिसते. सुधारकांचं घर. आता एक गजराही आणून ठेवा." दुसरा ब्राह्मण हसला. आईने भिंतीला टेकून एवढेच म्हटले, "वन्सं, चार महिने तुमच्या हातचं मी देवाला दाखवलं." ते सगळे अन्न गाईलासुद्धा घातले नाही. परसात खड्डा काढून पुरले. शेजारच्या काकूंनी न्हाऊन पुन्हा स्वयंपाक केला आणि पितर जेवले. आत्याला गोठ्यात बसवले होते. तिला कोणी काही वाढले नाही. तिथीच्या दिवशी क्षौर होत नाही, म्हणून ते दुसऱ्या दिवशी ठरले.

संध्याकाळी मी पुस्तिका घेऊन वडिलांपुढे गेले. हे तुम्हीच आणलेत, मी म्हणाले.

"वाचायला आणलं होतं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मागचे दार उघडे ठेवले. भटजींनी तसे सांगितले होते, चार जणांसमक्ष झाले पाहिजे. आळीतल्या बायका आल्या. ज्यांनी जन्मात तिकडे पाहिले नव्हते त्या तोंडाला पदर लावून शेवटपर्यंत उभ्या राहिल्या. म्हाताऱ्या न्हाव्याला वडिलांनी दारातून हाकलले होते. आळीतल्या बाकीच्या घरांनीही त्याला बंद केले, आणि तो लेकाकडे अकलूजला निघून गेला. बाजारातल्या दुकानाचा एक तरुण न्हावी आणला. तो घाईत होता. दोन ठिकाणी कापले. आत्या ओरडली नाही. तिने एकदाच खाली पडलेल्या केसांकडे हात नेला, बहुधा हाताला कसे लागतात ते बघायला. आई म्हणाली, शिवू नका. तिने हात मागे घेतला.

मग पंचगव्य, स्नान, आणि तिसऱ्या दिवसापासून पुन्हा चूल. आमच्या पंगतीला तिचा स्वयंपाक पुन्हा सर्वांत सोवळा झाला.

ह्यावर वडिलांनी एक तोड काढली. न्हाव्यावर भरवसा नाही, बहिणीवर नाही, आणि बायकोने बघणे अशुभ. तेव्हा दर पंधरवड्याला मी तिथे उभे राहायचे आणि झाले म्हणून येऊन सांगायचे. "ती खोटं बोलत नाही," ते आईला म्हणाले. "तिचा एवढा तरी उपयोग होऊ दे."

मी उभी राहू लागले. नाही म्हणून पाहिले, तेव्हा माझी शाळा बंद झाली, आणि मग नाही म्हणायला माझ्याजवळ काही उरले नाही. भोंगा व्हायचा, न्हावी यायचा, मी भिंतीशी उभी. आत्या माझ्याकडे पाठ करून बसायची. त्याआधी कधी तिने माझ्याकडे पाठ केली नव्हती.

संक्रांतीच्या सुमाराला मी एक बेत केला. नव्या न्हाव्याला नेहमी घाई असते, काम न करता लवकर सुटायला तो तयार होईल. मी आत जाऊन झाले म्हणून सांगेन. वडील माझ्या शब्दावर संशय घेणार नाहीत. जन्मभर एकही खोटे न बोलल्याचा एवढा फायदा तरी घेऊ. त्या पहाटे न्हावी सहाण भिजवत होता तेव्हा मी आत्याच्या मागे वाकून हे सगळे तिच्या कानात सांगितले.

ती मान न वळवता म्हणाली, "नको गं. तुझ्या पोटात राहायचं नाही. आज नाही तर वर्षानं कुठंतरी लिहिशील."

"नाही लिहिणार."

"लिहिशील. आणि तेही चांगलंच लिहिशील." मग ती न्हाव्याला म्हणाली, "चालव बाबा. लवकर आटप, चूल पेटवायचीय."

त्याने वस्तरा टेकवला. मी भिंतीशी जाऊन उभी राहिले. आटोपल्यावर आत गेले. वडील ओसरीवर नवीन आलेली कसलीशी पुस्तिका चाळत बसले होते. मी म्हणाले, झाले. त्यांनी मान हलवली. ते खरे होते, आणि पुढची नऊ वर्षे दर पंधरवड्याला मी त्यांना खरेच सांगत गेले.