पुठ्ठा, जळू आणि तिरुक्कळुकुंड्रमच्या पायऱ्या

पंचवीस वर्षं मी मुलींना भूगोल शिकवते आहे. त्यांतली शेवटची चार मद्रासला. सह्याद्रीच्या पार दक्षिण टोकाचं पोदिगै शिखर फळ्यावर काढण्यात किती तपकिरी खडू झिजवले असतील! पायाखाली मात्र एकही शिखर आलं नाही. त्यामुळे वेलायुधन नावाचे वाटाडे काही मंडळींना पोदिगैवर नेणार असं कळताच मी नाव कळवलं. वय एक्कावन्न. पुढच्या वर्षी गुडघे काय म्हणतील कोण जाणे.

उत्तर तमिळमध्ये आलं. ‘अट्टैची तयारी करून यावे.’ अट्टै म्हणजे पुठ्ठा, एवढं मी वह्यांच्या दुकानात शिकले होते. ओल्या रानात बसायला लागत असेल, म्हणून नुंगंबाक्कमहून चार जाड पुठ्ठे आणले. शेजारच्या सुंदराबाई तंजावरच्या. मराठी त्यांची घरची भाषा, तमिळ दारची. पत्र वाचून त्या हसत खालीच बसल्या.

“अय्यो बाई! अट्टै म्हणजे जळू कीं! पुठ्ठा दाखवला तर जळवा पळतात काय?”

“एका शब्दाला दोन अर्थ, यात माझा काय दोष?”

“दोष नव्हे. मीठ न्या, तंबाखूचें पाणी न्या. आणि पुढें काय लिहिलें तें वाचलांत?”

वाचलं नव्हतं. रविवारी तिरुक्कळुकुंड्रमला आपल्यासमोर देवळाचा डोंगर चढून दाखवावा, मग कोणाला न्यायचं ते ठरवू, असं वेलायुधननी कळवलं होतं.

जाणाऱ्यांसाठी सांगते: मद्रासच्या एळुंबूर स्टेशनवरून पहाटेची पॅसेंजर चेंगलपट्टूपर्यंत, तिथून बस. स्टेशनबाहेरची इडली खा, कॉफी दोनदा घ्या. गोल नेसायचं पातळ बाजूला ठेवून काष्ट्याचं लुगडं नेसा. चपला पायथ्याशीच काढाव्या लागतात, आणि पायऱ्या साडेपाचशेच्या आसपास आहेत.

वेलायुधन साठीचे, काटक, अबोल. मी चढले ती थेट. वाटेत दोनदा सोबतीला आलेल्या सुंदराबाईंना “बसू नका, उठवत नाही मग!” असं बजावलं, एका तरुण जोडप्याला पाण्याचं भांडं सावलीत ठेवायला लावलं. बारा वाजता ठरल्यासारख्या दोन घारी आल्या, पुजाऱ्याच्या हातचा गोड पोंगल खाऊन गेल्या. आम्ही दहीभात खाल्ला. मी खुशीत होते.

“चढणं सगळ्यांनाच येतं,” वेलायुधन म्हणाले. “आता उतरा, अम्मा.”

दगड तव्यासारखा तापलेला. मी भरभर निघाले.

“मेल्ल!” मागून आवाज आला. मेल्ल म्हणजे सावकाश. पण मराठी कानाला त्याची धास्तीच वाटते. मी थांबले नाही. खालच्या मंडपाशी उजवा गुडघा लचकला आणि खांब धरावा लागला.

“पाय भाजत होते,” मी म्हटलं.

“वर पाऊस असेल, दगडाला शेवाळ असेल, पायाला जळू असेल. तिथेही पळाल? तुम्ही पडलात तर उचलून आणणार कोण? वरच्या मंडपापासून पुन्हा.”

पुन्हा! हा शब्द गेली पंचवीस वर्षं मी इतरांना ऐकवते आहे. सुंदराबाई पदराआड हसत होत्या. वरच्या मंडपात परत जाऊन तिथून दुसऱ्यांदा उतरले, चुकले. तिसऱ्यांदा ते स्वतः पुढे झाले. त्यांनी पाऊल टाकलं की मी टाकायचं, आडवं, आधी दुखरा पाय. बोलायचं नाही.

खाली आल्यावर त्यांनी खिशातून वही काढली. “शिखरावर हुकूम कोणाचा?”

“तुमचा,” मी म्हणाले. हे वाक्य मी घरीसुद्धा कधी उच्चारलेलं नाही.

त्यांनी नाव लिहिलं.

परतीच्या गाडीत गुडघा ठणकत होता, सुंदराबाई घोरत होत्या. चढल्याचं मला फारसं काही आठवेना. आठवत होती ती पुढे चालणारी दोन काळी, भेगाळलेली पावलं.

आता जायला तीन आठवडे आहेत. रोज आमचा जिना वीस वेळा उतरते. चार पुठ्ठ्यांपैकी एकावर ठळक अक्षरांत ‘मेल्ल’ लिहून तो जिन्याच्या वरच्या टोकाला टांगला आहे. काल साताऱ्याहून वन्सं आल्या. अर्धा जिना चढल्या, पाटी वाचली आणि ट्रंक तिथेच ठेवून घाबऱ्याघुबऱ्या म्हणाल्या, “अगं, कोण मेलं?”

“माझी घाई,” मी म्हटलं, आणि आडवं पाऊल टाकत त्यांची ट्रंक घ्यायला गेले.