काकांची आठवड्याची गोळी

औषधाच्या खोक्यातला तो बारीक अक्षरांचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा माणूस अख्ख्या नाशकात एकच आहे, आणि तो इंदिरानगरला आमच्या वरच्या फ्लॅटमध्ये राहतो. आम्ही त्यांना काका म्हणतो. काका तहसील कचेरीतून निवृत्त झाले, पण कचेरी काही त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. खोकल्याच्या औषधाचा कागदसुद्धा ते भिंगाखाली धरून, लाल पेन्सिलीने खुणा करत वाचतात आणि त्यातला एकही दुष्परिणाम झाला नाही तर औषध बनावट असल्याचा संशय घेतात.

त्यांची मुलगी आफ्रिकेत नोकरीला. तिच्याकडे जायचं ठरलं तेव्हा डॉक्टरांनी मलेरिया होऊ नये म्हणून आठवड्याला एक गोळी लिहून दिली, निघायच्या तीन आठवडे आधीपासून घ्यायची. काका कागद घेऊन लगेच आमच्याकडे. मी शाळेत शिकवतो, म्हणून मला ते सर म्हणतात.

"सर, मेंदूच्या दारावर पहारा असतो. भलतंसलतं औषध आत सोडत नाहीत. ही गोळी मात्र चरबीत विरघळते, म्हणून सरळ आत जाते आणि मुक्कामच ठोकते. चित्रविचित्र स्वप्नं पडतात म्हणे." घरी पाहुणा यायचा असावा तसा त्यांचा चेहरा फुलला होता.

स्वप्नं पडलीच. रोज सकाळी चहाला येऊन ते रीतसर अहवाल देऊ लागले. एकदा ते द्वारका चौकात टॉवेल गुंडाळून वाहतूक सांभाळत होते आणि सगळ्या रिक्षा म्हशी चालवत होत्या. एकदा हरसूलच्या बाजारात कोणीतरी त्यांच्याच सह्या वाटे लावून विकत होतं.

"भाव काय होता?" मी विचारलं.

"विचारला नाही. सह्या खऱ्या आहेत का ते तपासत होतो."

पाचव्या दिवशी मात्र त्यांनी चहाचा कप बाजूला सरकवला. मग म्हणाले, "ही आली होती." काकूंना जाऊन सहा वर्षं झाली, स्वप्नात एकदाही आल्या नव्हत्या. "म्हणाली, बनियन उलटा घातलाय. उठून बघतो तर खरंच उलटा."

दुसऱ्या गोळीनंतर त्यांचे हात थरथरू लागले. लिफ्ट आपल्याकडे रोखून बघते, असं म्हणून ते जिन्याने जाऊ लागले. एका दुपारी द्वारकेला रस्ता ओलांडताना दुभाजकावरच भीतीने खिळून उभे राहिले. तिथल्या फळवाल्याने त्यांच्या फोनवरून मला बोलावलं. मी त्यांना रिक्षात घालून थेट डॉक्टरांकडे नेलं.

"घाबरल्यासारखं झालं तर लगेच कळवा, असं कागदावर असतं. वाचलं नाहीत?" डॉक्टरांनी विचारलं.

"वाचलं. खूणही केली."

"मग?"

काका वाकून चपलांचे पट्टे नीट करू लागले. शेवटी काकूंचं मीच सांगितलं. डॉक्टरांनी ती गोळी बंद करून रोज घ्यायची दुसरी दिली.

"ही आत जाते का?" काकांनी विचारलं.

"तसा त्रास नाही व्हायचा."

"बरं," काका म्हणाले, पण फार हळू.

प्रवास लांबणीवर पडला, पण काका जाऊन मुलीला आणि नातीला भेटून धडधाकट परत आले. आधीच्या गोळीचा अंमल उतरायला काही आठवडे लागले होते. तेवढ्या दिवसांत काकू आणखी एकदाच आल्या, हे त्यांनी मला नंतर जिन्यात सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. मेथी निवडत बसल्या होत्या.

"मीही समोर बसून निवडायला लागलो," काका म्हणाले. "जाग आली तेव्हा अर्धी जुडी राहिली होती, सर."