तांदळाच्या पोत्यावरची अम्मा

"आमच्या तांदळात खडे नसतात, मॅडम," गिरणीवाल्यांचा मुलगा म्हणाला. "मग पोत्यावरची ही बाई निवडते आहे तरी काय?"

एग्मोर स्टेशनसमोरच्या हॉटेलात आम्ही कॉफी घेत बसलो होतो. कराराची मुदत संपत आली होती आणि तो नवा करार घेऊन आला होता. पोत्यावर सूप मांडीवर घेऊन, मान खाली घालून बसलेली बाई म्हणजे माझी आई, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याच्या वडिलांनाही मी ते कधी सांगितलं नव्हतं.

चित्रं भाड्यानं द्यायची, हा माझा धंदा. आधी मी एका जाहिरात कंपनीत लेबलं काढत असे. तिथं चित्र एकदा दिलं की गेलं. माझा एक मोर आधी उदबत्तीच्या पुड्यावर बसला, मग काडेपेटीवर, आणि शेवटी बनियनच्या खोक्यावर दिसला तेव्हा मी कानाला खडा लावला. चित्र विकायचं नाही. अमुक मालावर, अमुक वर्षं वापरा, मालकी माझी. याला लायसन्स म्हणतात, असं मी घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "भाडेकरू म्हटला कीं भिंतीला खिळे मारणारच." तिची सगळी हयात आवडी नावाच्या उपनगरातल्या सरकारी क्वार्टर्समध्ये गेली होती, त्यामुळे खिळ्यांचं तिला कळत होतं.

आम्ही तिला अम्मा म्हणतो. आमच्या घरची मराठी तंजावरची, अर्धी तमिळमध्ये भिजलेली. ही लिहिते आहे ती मी मासिकं वाचून शिकले. इथं येणारे पुण्याचे लोक माझं बोलणं ऐकून हसतात आणि लिहिलेलं वाचून आश्चर्य करतात. दोन्हीची आता सवय झाली आहे.

तांदळाची ती गिरणी शहराबाहेर, रेड हिल्सला होती. म्हातारे गिरणीवाले पहिल्यांदा आले तेव्हा मी त्यांच्यापुढे मोर, कमळं, भरलेले कलश असं सगळं मांडलं. त्यांनी बोट ठेवलं ते वहीच्या मागच्या पानावर. अम्मा स्वयंपाकघराच्या दारात नऊवारी आवरून बसली आहे, कानशिलाजवळ पांढरे केस, भुवयांच्या मध्ये एक उभी आठी, नजर सुपात. मी ते सहज काढलं होतं. "ही घरातली वाटते," ते तमिळमध्ये म्हणाले. मी हो म्हटलं, पण करारात एक कलम घातलं: चेहरा मला विचारल्याशिवाय बदलायचा नाही. बाकी काहीही करा. त्या कलमाचा मला फार अभिमान होता.

त्याच कलमानं पुढं माझा जीव काढला. प्लास्टिकच्या विणलेल्या पोत्यावर शाई पसरते आणि बारीक रेघा बुजतात. कपाळावरच्या सुरकुत्यांचा डाग झाला, म्हणून सुरकुत्या पुसल्या. पांढरे केस शाईत बुडाले, म्हणून सगळे काळे झाले. मग दुकानदारांचं म्हणणं आलं की बाई आजारी वाटते, थोडी उजळ करा. यातलं कुणीही वाईट नव्हतं. प्रत्येकाकडे कारण होतं आणि कारण बरोबर होतं, म्हणूनच भांडायला दम पुरत नसे. प्रत्येक वेळी मी छापखान्यात जायची, शाईच्या वासानं डोकं धरायची, नमुना उजेडात धरून अर्धं मान्य करायची आणि अर्ध्यासाठी वाद घालायची. त्या उभ्या आठीसाठी तर मी इतकी भांडले की छापखान्यातला माणूस मला पाहताच मालकांना फोन लावून द्यायचा. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. शेवटी आठी राहिली, जरा बारीक होऊन.

बाकीची चित्रं मी हसत द्यायची. डब्यांवर पोपट, चादरींवर आंबे, शाळेच्या वह्यांवर हत्ती. हत्तीला टोपी घाला म्हणाले, घातली. लोकांना वाटतं हा चित्रकाराचा धंदा आहे. तो फोनवर बोलण्याचा धंदा आहे. चित्र काढायला बसायची तेव्हा हात आधीच थकलेला असायचा.

आणि अम्मा दुकानादुकानांत थप्पीला लागली. कुठं उलटी, कुठं हमालाच्या हुकानं फाटलेली. आवडीच्या बाजारातही होती. नातेवाईक चिडवायचे, "काय, आज किती किलो?" अम्मा हसायची आणि पिशवी घेऊन पुढं निघायची. त्याबद्दल ती स्वतःहून कधीच काही बोलली नाही, आणि मी ते तिचं समाधान समजले.

आता गिरणीवाल्यांच्या मुलाला सूपच नको होतं. मान वर हवी, हसू हवं, पुढं वाफाळत्या भाताचं ताट हवं. त्यानं ऑफिसात संगणकावर करवून आणलेला नमुना टेबलावर ठेवला. गोरीपान, तरुण, डोळ्यांत डोळे घालून बघणारी बाई. आठी गेलेली. "तुम्हाला चालत नसेल तर आम्ही एखाद्या मॉडेलचा फोटो घेऊ," तो म्हणाला, पण उद्धटपणे नव्हे. मी सांगितलं, चेहरा बदलायला मिळणार नाही. "विचार करून कळवा, अक्का," असं म्हणून त्यानं कॉफीचं बिल दिलं.

तो नमुना घेऊन मी तशीच आवडीची गाडी पकडली. विचार झालेलाच होता. इतक्या वर्षांत एवढी एकच गोष्ट मी सांभाळली होती आणि ती सोडायची नव्हती. मला फक्त अम्माच्या तोंडून एक वाक्य हवं होतं, की ही मी नव्हे. मग करार मोडायला मी मोकळी होते.

अम्मानं हात पुसले, चष्मा लावला आणि कागद खिडकीजवळ नेला.

"ही बरी आहे कीं," ती म्हणाली.

"अम्मा, ही तू नव्हेस."

"माहीत आहे. मी अशी कधी होते?" तिनं कागदावर हळूच बोट फिरवलं. "पण हिच्यापुढं ताट आहे. वाढून ठेवलंय कुणीतरी."

मी म्हटलं, "मी तुझा चेहरा राखण्यासाठी किती भांडले, तुला ठाऊक आहे?"

"आहे ठाऊक. म्हणून तर गप्प होते." ती चष्मा काढून पदराला पुसू लागली. "मी बाजारला जाते. अस्की, सगळ्याच दुकानांत मी खडेच निवडत बसलेली. घरी निवडलं ते पोदुम, बाळे. पुरे झालं. तिथं तरी मान वर कर कीं माझी."

मला राग आला, मग लाज वाटली, आणि मग इतका थकवा आला की मी तिथंच जमिनीवर बसले. ती आठी मला सत्य वाटत होती. तिला ती नुसती आठी वाटत होती, आणि ती तिच्या कपाळावर होती.

गिरणीवाल्यांच्या मुलाला मी फोन केला. चेहऱ्याचं कलम काढून टाका म्हटलं, फक्त नवं चित्र मी काढणार, तुमचा संगणक नव्हे. तो लगेच तयार झाला.

जेवणं झाल्यावर मी वही उघडली आणि अम्माला दारातच बसवलं. या वेळी सूप नव्हतं. तिनं मान वर केली, माझ्याकडे सरळ पाहिलं. हसली सुद्धा, थोडीशी. मी चेहरा भराभर काढला. मग ती एकदम अवघडली. दोन्ही हात मांडीवर ठेवले, उचलले, पदरात घेतले, परत खाली ठेवले.

"हात कुठं ठेवूं?" तिनं विचारलं.