साडीवरचं आभाळ

मी सुरतेच्या उधन्यात घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवते. ‘बसून’ म्हणणाऱ्यांनी एक दिवस बसून दाखवावं, मान मोडून येते.

गेल्या वर्षी माझी मुलगी आठवीत होती. शाळेतून एकच मॉडेल जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनाला जाणार होतं. सलग दोन वर्षं तिचं मागे राहिलेलं, त्यामुळे या वेळी ती हट्टालाच पेटली होती. विषय घेतला वातावरणाचे थर. पुस्तकात सगळे थर सारख्याच जाडीचे काढलेत, हे तिला खटकलं. खरी उंची दाखवायची तर किलोमीटरला एक सेंटिमीटर धरायचा, म्हणाली. ढगपाऊसवालं तपांबर बारा सेंटिमीटर, त्यावरचं स्थितांबर पन्नासपर्यंत, मध्यांबर पंच्याऐंशीपर्यंत आणि उष्मांबर पार सहाशेच्या आसपास. आता सहा मीटर कागद आणायचा कुठून?

मला हसूच फुटलं. ब्लाउजपीस धरून साडी सहा मीटर तीसची असते, हे सुरतेत कुणालाही विचारा. डाग पडलेली एक निळी साडी घरात होतीच. टिकली म्हणजे हवा, असं आम्ही ठरवलं. पदराकडे जमीन, तिथं टिकल्या खच्चून, आणि वर जावं तशा विरळ. पदर भरगच्च आणि पुढे सगळं विरळ, हे तर माझं रोजचंच काम!

चार दुपारी खपले. तपांबरात कापड दिसेना, मध्यांबराच्या वर हातभर अंतरावर एखादी टिकली. मुलगी शेजारी बसून थरांच्या रेघा मारायची. अंतराळ स्थानक चार मीटरवर फिरतं, असं तिनं सांगितलं. मी म्हटलं, म्हणजे ऐन निऱ्यांत. दोघी पोट धरून हसलो. शेवटचा तुकडा मात्र ती शाळेत असताना मी एकटीनं उरकला.

शाळेत निवड होती त्या दिवशी तिथल्या दुसऱ्या मजल्यावर कठड्याला गाठी मारून मी साडी सोडली. पदर खाली अंगणात टेकला. मुलीनं वर पाहिलं आणि तिचं तोंड पडलं. धावत वर आली. टोकाच्या ऐंशी सेंटिमीटरवर टिकल्या दाटीवाटीनं चमकत होत्या. ब्लाउजपीसवर बाह्यांसाठी दाट काम करतात. डोकं कुठंतरी होतं, हातानं आपली सवय पाळली होती.

“मम्मी, जिथं हवाच नाही तिथं तू ढीगभर हवा भरलीस,” ती रडत म्हणाली. तिकडे परीक्षक फाटकातून आत शिरत होते. गम लावून चिकटवलेल्या टिकल्या उपटायला अर्धा दिवस गेला असता. मग म्हटलं, अगं माय, ब्लाउजपीस कापण्यासाठीच तर असतो! पिशवीतली कात्री काढली आणि गाठींसकट ब्लाउजपीस उडवला.

आता साडी साडेपाच मीटरची. जमीन अधांतरी लटकायला लागली. ती खाली टेकावी म्हणून मी कठड्याशी पालथी पडले आणि साडी धरून दोन्ही हात खांद्यापर्यंत गजांतून खाली सोडले.

परीक्षक बाईंनी नेमकं तेच विचारलं. पुस्तकात सहाशे, तुझ्याकडे साडेपाचशेच का? पोरगी ठणठणीत आवाजात म्हणाली की उष्मांबराचं छत एका जागी राहतच नाही. सूर्य तापला की ते फुगून वर जातं, शांत असला की खाली येतं. आमचा सूर्य आज शांत आहे. बाई हसल्या. मग बाकीची मॉडेलं बघायला गेल्या, आणि त्यांचं काही संपेना. माझ्या हातांना मुंग्या आल्या, बोटं पांढरी पडली. कुणी धरू का म्हणून विचारलं, तर मी त्याच्यावर खेकसले.

शेवटी त्या परत आल्या, वहीत काहीतरी लिहिलं आणि मुलीच्या पाठीवर थाप मारली. पोरीनं मान वर केली. तिचे डोळे वाहत होते आणि तोंडभर हसू होतं.

“मम्मी, आपलं सिलेक्ट झालं. सोड आता.”

इतका आनंद झाला की मला टाळ्या वाजवायच्या होत्या. पण अंगणात अजून पोरं मान वर करून बघत होती. मी काही सोडलं नाही.