खिळ्यावरचा कागद

“पहले लॉग, फिर बात!” तोंडावर दार लावावं तसं काका हे वाक्य म्हणायचे. तक्रार घेऊन गेलेला माणूस उंबऱ्यातच गप्प. मला त्या वाक्याचा तेव्हाही राग यायचा आणि आजही येतो, फक्त कारण बदललं आहे.

उज्जैनच्या माधव नगरात आम्ही त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. काका सरकारी कॉलेजच्या फिजिक्स लॅबमधून निवृत्त झालेले. फोनच्या तारेतून इंटरनेट यायचं ते दिवस, आणि अख्ख्या घरात फोन एकच, तोही त्यांचा. त्यांनी भंगारातला एक कॉम्प्युटर जिन्याखाली मांडला, मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून त्यावर लिनक्स चढवलं आणि मोडेम जोडला. तिथून एक तार त्यांच्या खोलीत, एक माझ्याकडे, एक शेजारच्या मास्तरांकडे. कुणाच्याही कॉम्प्युटरने काही मागितलं की जिन्याखालचं मशीन आपणहून नंबर फिरवायचं, काम संपलं की आपणहून फोन ठेवायचं. तुम्हाला आज यात विशेष वाटणार नाही. तेव्हा गल्लीला ते वेड वाटायचं.

कुणाच्या मागणीवरून कधी फोन लागला, याची नोंद मशीन ठेवायचं. तोच लॉग. काका रोज सकाळी आदल्या दिवसाचा लॉग छापून जिन्यातल्या खिळ्याला अडकवायचे आणि उगाच लाइन अडवणाऱ्याच्या नावाखाली लाल पेन्सिलने रेघ मारायचे. येणारा-जाणारा वाचायचा. दूधवालासुद्धा हसून विचारायचा, “भैया, आज फिर आप?” नुसता संताप व्हायचा.

बहुतेक रेघा माझ्याच नावाखाली असायच्या. पुण्याच्या एका नोकरीच्या उत्तराची मी वाट पाहत होतो, आणि माझा मेलचा प्रोग्राम दर पाच मिनिटांनी पत्र आलं का विचारायचा. मशीनने फोन ठेवला न ठेवला, तोच पुन्हा लागायचा.

“अरे भई, काम झालं की बंद करत जा ना तो! तू तिकडे ऑफिसात, इथे लाइन बिझी. कुणाचा अर्जंट फोन आला तर?”

मी उलट भांडलो. फोन लावताना तुमचा मोडेम किंचाळतो त्याने आमची तान्ही मुलगी दचकून उठते, म्हणालो. काका बडबडत उठले आणि त्यांनी मोडेमचा आवाज बंद करून टाकला.

त्याच आठवड्यात भोपाळला त्यांच्या ताई आजारी पडल्या. आई लवकर गेलेली, काकांना वाढवलं ते या ताईंनी. भाचा म्हणाला होता, “मामा, डॉक्टरांशी बोलून सकाळी फोन करतो, मग लगेच निघा.” बॅग भरून काका फोनजवळ बसले. नऊ वाजले, दहा, अकरा. फोन नाही म्हणजे सगळं ठीक असणार, असं काकूंना सांगत राहिले. बाराला न राहवून त्यांनी रिसीव्हर उचलला, तर बाहेर ऐकू न येणारी मोडेमची किंचाळी कानात. त्यांनी जाऊन तार उपटली. लगेच फोन वाजला.

“मामा, तीन तास लावतोय! आई सारखं तुमचं नाव घेत होती. आत्ता गेली.”

हे मला संध्याकाळी काकूंनी सांगितलं. काका तोवर भोपाळला निघून गेले होते. “जाता जाता लॉग छापला त्यांनी. वाचला, घडी घालून खिशात ठेवला. बॅग उचलून निघालेच रे,” काकू म्हणाल्या.

मी वर धावलो. माझा कॉम्प्युटर चालू होता आणि मेलचा प्रोग्राम उघडा. सकाळी घाईत तसाच टाकून गेलो होतो.

काका अस्थी घेऊन परतले, तेव्हा राम घाटावर मी सोबत गेलो. गुरुजी हिंदीत नाव-गोत्र विचारत होते, काका शांतपणे सांगत होते. सगळं आटोपल्यावर पायरीवर मी तोंड उघडलं. “काका, त्या दिवशी माझा कॉम्प्युटर…”

“मशीन बिघडलं होतं माझं.”

“लॉगमध्ये असेल ना, काका.”

“लॉग पाहिला नाही मी.” ते ओलं धोतर पिळत होते. “चल, ऑटोवाला थांबलाय.”

लॉग पाहिला नाही! दोन मिनिटांच्या फालतू फोनसाठी दूधवाल्यासमोर माझी लाज काढणारा हा माणूस! मी शिव्या खायला तयार होतो, घर सोडायला तयार होतो. एक थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. मला माफी नको होती हो, मागितलीही नव्हती. त्यांनी ती परस्पर देऊन टाकली आणि ऑटोत जाऊन बसले.

जिन्याखालचं मशीन त्यांनी पुन्हा सुरू केलं नाही. पुण्याचं उत्तर आलं ते पोस्टाने.

पुढे पुण्यात असताना काका गेल्याचं कळलं तेव्हा मी उज्जैनला गेलो. जिन्यातला खिळा तसाच होता, काकूंनी त्याला भाजीची पिशवी अडकवली होती. आत काकूंकडे जाण्याआधी मी ती काढून हातात घेतली. खिळ्यावर काहीच नव्हतं. माझं नाव असायला हवं होतं.